खेळण्याच्या वेशातील शस्त्र

ऑक्टोबर २०२५ मधील दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ने शंभराहून अधिक जणांना, त्यातही प्रामुख्याने मुलांना, जायबंदी केले. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर येथील रुग्णालयांत डोळे भाजलेली मुले दाखल झाली; काहींची दृष्टी गेली. प्लास्टिकचा पाइप, गॅसचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाइड एवढेच तिचे साहित्य. कार्बाइडला पाणी लागताच ॲसिटिलीन वायू तयार होतो व ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि तेवढ्यात भडका उडतो. बंदी आली, पण इजा होऊन गेल्यावर.

नित्याच्या वस्तूत दडलेले शस्त्र कायद्याला नवे नाही. १९५९ चा शस्त्र कायदा लाठी, साधी हातकाठी आणि निव्वळ खेळणे यांना शस्त्र मानत नाही. मात्र काठीत पाते लपवणारी गुप्ती नियमांच्या अनुसूचीत तलवारीच्याच पंक्तीत बसते. अग्निशस्त्राची व्याख्याही वेश पाहत नाही, कार्य पाहते. स्फोटकाने वा अन्य ऊर्जेने प्रक्षेप्य फेकणारी वस्तू पेनाच्या आकाराची असली तरी ती बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी वस्तू विनापरवाना बाळगल्यास २ ते ५ वर्षे कैद होऊ शकते. बेकायदा निर्मितीसाठी किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. युरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशात आणखी पुढचे पाऊल टाकले आणि अन्य वस्तूचे रूप दिलेली बंदूक थेट निषिद्ध वर्गात टाकली. ब्रिटनचा कायदाही तसेच सांगतो.

कार्बाइड गन नेमकी या चौकटीबाहेर निसटते. ती गोळी फेकत नाही, म्हणून तिला अग्निशस्त्र ठरवणे अवघड. रूढ अर्थाने ती फटाकाही नाही. कार्बाइडसाठी १९८७ चे नियम आहेत, पण त्यांचा रोख आयात, वाहतूक व साठवणुकीवर आहे. राहतो तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. त्याची मुदत दोन महिने. राज्य सरकारला ती फार तर आणखी सहा महिने वाढवता येते. दिवाळी मात्र दरवर्षी येते.

तरीही हात बांधलेले नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा नळीवर पहिल्याच दिवशी कारवाई करण्यास तेवढा आधार पुरेसा आहे. जोडीला किरकोळ कार्बाइड विक्रीची नोंद सक्तीची व्हावी.

गोव्याने हे इतरांचे दुखणे समजू नये. माकडे पिटाळण्यासाठी देशात अनेक ठिकाणी शेतकरी अशीच नळी वापरतात, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या बागायतदारांना माकडांचा उपद्रव नवा नाही. बागेतली नळी मुलांच्या हाती जायला वेळ लागत नाही. आदेश काढायचाच असेल तर तो नरकासुर उभे राहण्यापूर्वी निघावा.