‘रक्तातच आहे!’

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जनुकांवर लिहावे, याचे शास्त्र शाखेतील मित्रांना नवल वाटेल. परंतु हा विषय वाचताना मला तरी तो हिशेबाच्या वह्यांचाच वाटला.

“धंदा त्याच्या रक्तातच आहे”, “शिक्षण त्यांच्या रक्तातच नाही” असे आपण सर्रास बोलतो. आपले कन्नड मित्रही ‘रक्तदल्ले इदे’ म्हणून मोकळे होतात. जणू जन्मतःच हिशेब कायमचा मिटला! शास्त्र मात्र असे म्हणत नाही.

एखाद्या पेढीने संपूर्ण खतावणी प्रत्येक शाखेत ठेवावी आणि शाखेने आपल्या कामापुरतीच पाने उघडावीत, तसा शरीराचा कारभार आहे. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके तीच. उघडलेली पाने वेगळी. पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेला भाग सहसा वाचला जात नाही; सैल झालेला वाचता येतो. काही प्रथिने ठरावीक जागी बसून जनुक चालू करतात, तर काही ते बंद ठेवतात.

याचे उत्तम उदाहरण सिकलसेल या आजाराचे. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी भागात तो अनेक घरांत आहे. तो अक्षरशः रक्तातला आणि आनुवंशिक. पण या आजाराच्या नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच कमी असतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली दाखवून दिले. कारण, गर्भात हिमोग्लोबिनचे वेगळे जनुक चालू असते. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते आणि सदोष जनुकाचा अंमल सुरू होतो. जुने पान फाटत नाही, नुसते मिटते. ते मिटून ठेवणाऱ्या प्रथिनाचे काम २००८ साली उजेडात आले. त्या प्रथिनाचा पहारा सैल करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. सदोष जनुक जागच्या जागी राहते. तरीही चाचण्यांतील बहुतेक रुग्ण निदान वर्षभर तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले.

आता वाणिज्याचा मुद्दा. या उपचाराची अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर! हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषधही पुष्कळ रुग्णांत तेच हिमोग्लोबिन वाढवते. म्हणजे गडचिरोलीच्या मुलाची अडचण केवळ रक्ताची उरली नाही. औषध त्याच्या गावापर्यंत पोहोचते की नाही, याचीही झाली.

सगळीच जनुके अशी हवी तेव्हा चालू-बंद करता येत नाहीत, हे मान्य. पण जे खरोखर रक्तात आहे, तेथेही जर शेवटचा शब्द जन्माचा नसेल, तर धंदा आणि शिक्षण यांबाबत तो जन्माला देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ‘रक्तातच नाही’ म्हणून कुणाची फी भरायचे टाळणाऱ्याने आधी आपली वही तपासावी.