उसनं बळ आणि मातीचे घोडे

सुट्टी लागली की आपल्या समाजातली तरुण मंडळी हिमाचल-उत्तराखंडचे ट्रेक ठरवतात. जरूर जावं. पण पाच दिवस पायी चालायचं, रात्री उघड्यावर मुक्काम करायचा आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं, असा एक फार जुना मार्ग आपल्या उज्जैनमधूनच निघतो. त्याला गाइड लागत नाही आणि फीही भरावी लागत नाही. तो मार्ग म्हणजे पंचक्रोशी यात्रा. माळव्याच्या खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतून चालणारे मोजकेच.

याचं एक कारण साधं आहे. यात्रा वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या अशी असते. आपण घरातलं मराठी पंचांग उघडून वैशाख वद्य दशमी शोधली, तर यात्रा होऊन महिना झालेला असतो! इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इथला वैशाख कृष्ण पक्ष म्हणजे आपला चैत्र वद्य पक्ष. तिथी तीच, महिन्याचं नाव वेगळं.

मार्ग एकूण ११८ किलोमीटरचा. महाकाल मध्यभागी, आणि चार दिशांना चार द्वारपाल: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दुर्दरेश्वर. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात ज्या ८४ महादेवांची वर्णनं आहेत, त्यांतले हे शेवटचे चार. टप्पे असे:

पटनी बाजारातील नागचंद्रेश्वर ते पिंगलेश्वर – १२ कि.मी.
पिंगलेश्वर ते करोहन – २३ कि.मी.
करोहन ते नलवा – २१ कि.मी.
नलवा ते अंबोदिया – ६ कि.मी.
अंबोदिया ते कालियादेह – २१ कि.मी.
कालियादेह ते जैथल – ७ कि.मी.
जैथल ते उंडासा – १६ कि.मी.
उंडासा ते क्षिप्रा घाट – १२ कि.मी.

तुलनेसाठी आपली वारी घ्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पण त्याला जवळपास तीन आठवडे मिळतात. इथे रोजचे साडेतेवीस किलोमीटर पडतात, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. चढ-उतार नाहीत, गहू काढून मोकळी झालेली काळी शेतं आहेत. पण कसोटी पाहतं ते ऊन. म्हणून जाणते लोक पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी झाडाखाली पडून राहतात. कित्येक जण तर तिथीच्या आधीच निघतात.

आता पडावांवर प्रशासनाकडून पाणी, सावली, दवाखाना अशी सोय असते. पायांना आलेल्या फोडांवर मलमपट्टीही होते. तरी मुक्कामाचं मूळ रूप बदललेलं नाही. डोक्यावरच्या गाठोड्यात पीठ, डाळ, मीठ, एखादं पातेलं आणि अंथरूण. संध्याकाळी गोवऱ्यांचा विस्तव पेटतो, त्यात बाट्या भाजल्या जातात, आणि मग जमिनीवरच आडवं व्हायचं. साठी ओलांडलेल्या बायका हे सगळं डोक्यावर घेऊन चालतात. आपल्या साठ लिटरच्या सॅकमध्ये नक्की काय काय भरलेलं असतं, असा प्रश्न त्यांना पाहून पडतोच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती या यात्रेची सुरुवात आणि शेवट. निघताना यात्रेकरू पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापुढे नारळ ठेवून त्याच्याकडून चालण्याचं बळ मागून घेतात. (महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचा, नागपंचमीलाच उघडणारा नागचंद्रेश्वर वेगळा.) फेरी पुरी झाली की तिथेच येऊन मातीचे घोडे वाहतात आणि घेतलेलं बळ परत करतात. ट्रेक संपवून आलेला माणूस ‘मी केलं’ म्हणतो. इथला शेतकरी म्हणतो, ताकद उसनी होती, देऊन टाकली.

हे आपल्याला लागू आहे. शिंद्यांच्या राज्याबरोबर आपले पूर्वज इथे आले. महाकालाच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात झाली. या वाटेवरचा कालियादेह महालही मूळचा माळव्याच्या सुलतानांचा; त्याची दुरुस्ती १९२०मध्ये माधवराव शिंद्यांनी करवली. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पण करोहन कुठल्या दिशेला, नलव्याच्या पुढे कोणतं गाव, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? या मातीने दोन-अडीचशे वर्षं आपल्याला सांभाळलं. तिच्यावरून एकदा पायी फिरणं हेही देणं फेडण्यासारखंच आहे.

पूर्ण यात्रा जमवायची तर महिनाभर आधीपासून रोज चालायचा सराव करा. नवे बूट घालून निघू नका. वापरून सैल झालेलेच घाला. सुती कपडे, डोक्याला पंचा, मीठ-साखर घातलेलं पाणी सोबत हवंच. चक्कर आली किंवा घाम येणं थांबलं तर हट्ट न करता लगेच पडावावरच्या डॉक्टरांकडे जा. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणा; ते शेत कुणाचं तरी आहे. पाच दिवस शक्य नसतील तर पहिला १२ किलोमीटरचा टप्पा तरी चाला आणि एक रात्र पिंगलेश्वराच्या पडावावर काढा. २०२८च्या सिंहस्थात या वाटेवर अफाट गर्दी असेल, तेव्हा त्याआधीच जाऊन आलेलं बरं.

आजच पंचांग उघडा आणि चैत्र वद्य दशमीवर खूण करून ठेवा.