ओलायात कोरडं राहण्याचं गणित



'ओलाया' हे नाव ऐकलं की मराठी माणसाला आधी ओल आठवते, मग पागोळ्या, मग भजी. प्रत्यक्षात जुलैमध्ये इथे पारा ४४-४५ ला टेकतो आणि हवेतली आर्द्रता पुष्कळदा दहा टक्क्यांच्या आसपास असते. दोरीवरचा टॉवेल बघता बघता पापड होतो. तरीही भारतातून नवीन आलेला प्रत्येक मुलगा महिन्याभरात हळूच विचारतोच, "दादा, इथे डिओ कुठला घेऊ?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो विचारणाऱ्याला बहुधा ऑफिसात कोणीतरी टोमणा मारलेला असतो. ओळखीतल्या एका मुलाला टीमलीडने सगळ्यांसमोर "जरा हायजीनकडे बघ" असं सुनावलं. पोरगा कंत्राटावर आलेला, तिघांत एक खोली, पगारातला मोठा हिस्सा घरच्या कर्जाला. तो त्याच संध्याकाळी मॉलमध्ये गेला आणि आठवड्याच्या जेवणाचे पैसे दोन परफ्यूमच्या बाटल्यांत घालून आला. वास गेला नाही. घामात परफ्यूम मिसळून तिसराच काहीतरी वास तयार झाला.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. रियाधमध्ये बहुतेकांना महागडं काहीही लागत नाही. साधा, बिनवासाचा डिओडरंट किंवा तुरटी पुरते. ज्याचा शर्ट खरोखर भिजतो त्यानेच अँटीपर्स्पिरंट घ्यावं आणि ते रात्री लावावं. बॉडी स्प्रे ही हौस आहे, इलाज नव्हे.

आता कारणं. घाम आणि वास या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत ज्या खास ग्रंथी असतात त्यांचा स्राव तिथले जिवाणू खातात आणि त्यातून वास तयार होतो. डिओडरंट या जिवाणूंना आवरतो किंवा वास झाकतो, घाम येतच राहतो. अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, म्हणून घामच कमी येतो. अमेरिकेत तर कायद्यानेच डिओडरंट हे सौंदर्यप्रसाधन आणि अँटीपर्स्पिरंट हे औषध मानतात. तिथल्या नियमाप्रमाणे घाम निदान २० टक्के कमी व्हायला हवा आणि 'जास्त परिणामकारक' असं छापायचं तर ३० टक्के. म्हणजे डब्यावर कितीही तास लिहिलेले असोत, नळ पूर्ण बंद होईल ही अपेक्षाच चुकीची.

मुंबईत किंवा जेद्दाहमध्ये घाम वाळत नाही, शर्ट पाठीला चिकटतो. तिथे अँटीपर्स्पिरंटला अर्थ आहे. रियाधच्या कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो आणि मागे मीठ नि वास उरतो. तक्रार ओलाव्याची नाही, वासाची आहे. मग ओलाव्याचं औषध कशाला घ्यायचं?

दुकानात गोंधळ होतो तो भाषेमुळे. इथे डिओडरंटला सर्रास 'मुझील अल-अरक' म्हणतात, शब्दशः 'घाम घालवणारा'. (हा 'अरक' म्हणजे घाम. आपल्याकडे ओव्याचा किंवा बडीशेपेचा जो अर्क काढतात तो शब्द याच अरबी घामातून आला आहे. इंजिनियरिंगला असताना हे कोणी सांगितलं असतं तर डिस्टिलेशन जास्त लक्षात राहिलं असतं.) तेव्हा पुढचं नाव वाचू नका, डबा उलटा करून घटक वाचा. ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियम झिर्कोनियम दिसलं की ते अँटीपर्स्पिरंट.

आता पैशांचं. किमतीला मिलिलिटरने भागू नका, तो डबा किती दिवस पुरला त्या दिवसांनी भागा. रोल-ऑनमध्ये जे आहे ते अंगाला लागतं. स्प्रेच्या डब्यात बराच भाग ढकलणाऱ्या गॅसचा असतो. युनिलिव्हरने २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये अर्ध्या आकाराचे डबे आणले आणि ते मोठ्या डब्याइतकेच दिवस पुरतात असं सांगितलं, यातच सगळं आलं. भारतात २०११ च्या सुमारास 'फॉग' चाललं तेही 'गॅस नाही' याच मुद्द्यावर. शिवाय जुलै २०२० पासून इथे व्हॅट १५ टक्के आहे, तो गॅसवरही भरावा लागतो.

हिशोबात शर्टही धरा. पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळे डाग बहुतांशी ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या मिलाफाने पडतात. स्वस्त अँटीपर्स्पिरंटने वर्षाला दोन चांगले शर्ट खाल्ले तर ते स्वस्त कुठे राहिलं?

ज्यांना ते खरंच लागतं त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी कोरड्या काखेत लावावं. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे बूच नीट बसतं आणि सकाळच्या अंघोळीने लगेच निघून जात नाही. मग दिवसभर तीन-तीनदा लावायची गरज उरत नाही. कॅन्सरची भीती घालणारे फॉरवर्ड्स आपण सर्वांनी वाचलेत. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या मते असा स्पष्ट संबंध दिसलेला नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं, ती सूचना डब्यावरही असते.

सगळ्यात स्वस्त उपाय आजोबांच्या दाढीच्या पेटीत होता: तुरटी. ओल्या काखेवर फिरवायची, झालं. जिवाणू आवरतात, वास येत नाही, एक खडा महिनोन् महिने पुरतो. गावाहून आणायचीही गरज नाही. इथल्या अत्तरवाल्यांकडे आणि मसालेवाल्यांकडे 'शब्बा' म्हणून मिळते, खडा किंवा पूड. ताज्या वस्तऱ्यावर झोंबते एवढं लक्षात ठेवा. हीच तुरटी मॉलमध्ये 'नैसर्गिक क्रिस्टल' म्हणून कितीतरी पट किमतीला मिळते, कधी 'ॲल्युमिनियमविरहित' अशा थाटात. तुरटी हेच ॲल्युमिनियमचं संयुग आहे, दहावीच्या विज्ञानाला एवढं तरी स्मरावं!

वासाची ॲलर्जी असलेल्यांसाठी या देशात एक वेगळी सोय आहे. हज आणि उमराच्या यात्रेत इहराम बांधल्यावर सुगंध चालत नाही, त्यामुळे बिनवासाचे साबण आणि डिओडरंट इथे सहज मिळतात. ते कोणीही घ्यावेत. खरेदीला मॉललाच जायला हवं असंही नाही. डिसेंबर २०२४ पासून मेट्रोची निळी लाइन ओलायातून थेट बत्हाला जाते.

आणि कपडे. गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट हुंगले, तेव्हा पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त वास मारत होते. तेव्हा पहिले पैसे सुती बनियनवर घाला, डबा नंतर.

शेवटचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण एसीतून एसीत जाणारे लोक लिफ्टमध्ये कामगार शिरले की नाकाला रुमाल लावतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला इथे बंदी आहे, पण उरलेले तास तर ते उन्हातच असतात. त्या माणसाला डिओचा सल्ला देणं हा उद्धटपणा आहे. त्याला हवंय ते कामाच्या जागी पाणी, बदलायला दुसरा शर्ट आणि धुवायला वेळ. ते देणं मालकाचं काम आहे.

आपल्यातल्या नवीन मुलाला मात्र सांगायलाच हवं, पण एकट्याला, चहा पिताना, मोठ्या भावासारखं. "अरे, तुरटी ट्राय कर, मीपण वापरतो" एवढं वाक्य पुरतं. त्याने त्याचे पैसेही वाचतील आणि मानही राहील.

कळावे, लोभ असावा.

ओलाया, रियाध