मत्स्यघ्न

‘हन्’ धातूपासून कृतघ्न, शत्रुघ्न असे शब्द होतात हें वाचकांस ठाऊक आहेच. त्याच धर्तीवर पाश्चात्य पंडितांनीं एका जंतूचें नांव ‘साल्मोनिसिडा’, म्हणजे सॅमन माशाचा घात करणारा, असें ठेविलें आहे. (आपल्या रावसालाही कोणी सॅमन म्हणतात; पण तो निराळा.) त्याच्यापासून होणाऱ्या रोगाचें नांव ‘फ्युरन्क्युलोसिस’. लॅटिन भाषेंत ‘फुरुन्कुलुस’ म्हणजे गळूं, आणि त्याच शब्दाचा मूळ अर्थ भुरटा चोर! इतकें अन्वर्थक नांव क्वचितच आढळतें. आमच्या पुष्कळ वाचकांच्या पानांत मासा वाढला जात नाहीं हें मी जाणतों. परंतु चोर घरांत कसा शिरतो हें सर्वांनींच पाहण्याजोगें आहे.

बव्हेरियांतील ट्राउट माशांच्या पैदाशीच्या ठिकाणीं हा जंतु १८९४ सालीं प्रथम ओळखला गेला. त्यास स्वतः पोहतां येत नाहीं. पाण्याबरोबर वाहत येऊन तो कल्ल्यांतून किंवा कातडीवरील ओरखड्यांतून आंत शिरतो. त्याच्या अंगावर प्रथिनाचें घट्ट विणलेलें चिलखत असतें. त्यामुळें रक्तांतील रक्षक द्रव्यांचा मारा त्यास फारसा बाधत नाहीं. मग तो अशीं विषें सोडतो कीं मांस आंतल्याआंत विरघळून गळूं होतें. रोग तीव्र असला तर गळवाचीही वाट न पाहतां मासा मरतो. खरी चोरी मात्र पुढेंच आहे. कित्येक मासे हा जंतु बाळगूनही वरकरणीं ठणठणीत दिसतात. पाणी तापलें, दाटी झाली, कीं त्यांचें बळ खचतें व रोग उसळतो.

नॉर्वेंत असेंच झालें. १९८५ सालीं स्कॉटलंडांतून आणलेल्या पिल्लांबरोबर हा चोर समुद्रांतील जाळ्यांच्या पिंजऱ्यांत शिरला आणि १९९२ पर्यंत मत्स्यपालनाच्या ५०० हून अधिक ठिकाणीं पसरला. खाद्यांत औषध कालवून पाहिलें. पण आजारी मासा आधीं खाणेंच सोडतो, तेव्हां तें बहुतेक निरोग्यांच्याच पोटांत जाई! थंड पाण्यांतील आणखी एका जंतूचाही उपद्रव असल्यामुळें १९८७ सालीं त्या देशानें माशांना सुमारें ४८ टन जंतुनाशक औषध चारलें. औषधाला सरावलेले जंतुही निपजूं लागले.

अखेर मृत जंतु तेलांत मिसळून केलेली लस १९९० नंतरच्या वर्षांत आली. ती प्रत्येक पिल्लाच्या पोटांत सुईनें टोंचावी लागते. लाखों पिल्लांना, एकेक करून! तेलामुळें पोटांतील अवयव कधीं एकमेकांस चिकटतात, हा दोष आहेच. तरी तें दशक संपतांना औषधाचा खप एक टनाच्या आसपास उतरला, आणि माशांचें उत्पन्न मात्र कित्येक पटींनीं वाढलें. टोंचण्यापूर्वीं पिल्लांना गुंगी देतात. शाळेंत लस टोंचणारे आले कीं बाकाखालीं दडणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. त्यांना ही सोय नव्हती.