खांदा दुखतोय, सब्र कमी पडलेला नाही

आमच्या उमापूरच्या घरी आपाची विचारपूस करायला माणसं येतात. चहा होतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "आजार तर पायाचा ना? मग खांद्याला काय झालं?" कुणी म्हणतं, "सब्र करो बाजी." कुणी दम केलेलं तेल आणून ठेवतं. मन सगळ्यांचं साफ आहे, तरी मला राग येतो.

आपाला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तो पायाचा आजार नव्हे. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण कुरतडते, उंदरानं वायरीचं प्लास्टिक खावं तसं. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि बहुतेकींना विशी ते चाळिशीत गाठतो, म्हणजे घर अंगावर असतं त्याच वयात.

आता खांदा. नसेतूनच उठणारी जळजळ असते, स्नायू आखडतात, हे खरं. पण आपाचा खांदा दुखतो त्याला आम्ही जबाबदार आहोत. पायात जोर नाही, म्हणून दिवसभर ती हातांवर उठते. जमिनीवरून उठताना हात, बसक्या संडासातून उठताना नळाला धरलेला हात, उंबरा ओलांडताना चौकटीला हात. खांदा अंगाचं वजन पेलायला बनलेला नाही. आणि आम्ही शहाणे, दोन्ही बगलांत हात घालून तिला वर ओढायचो! दुखतं म्हणून ती हात हलवेना, न हलवल्यानं सांधा आणखी धरला.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात उचलूनही न बघता सांगितलं, "हे तुमच्या आजारातलंच आहे." हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. मोठ्या आजाराचं नाव एकदा चिकटलं की बाईचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यात जमा. आपला जिल्हा बायकांचं दुखणं कसं ऐकतो ते २०१९ साली जगानं पाहिलं. ऊसतोड बायकांच्या पोटदुखीवर गर्भाशयच काढून टाकण्याचा प्रकार इतका बोकाळला होता, की सरकारला समिती नेमावी लागली. तिथे घाईनं कापलं, इथे हात लावायचाही कंटाळा. ऐकून कुणीच घेतलं नाही.

मूळ आजार बरा होत नाही, मान्य. खांद्याचं तसं नाही. फिजिओथेरपिस्टनं सांधा हलवून पाहिला, व्यायाम दिले, काठी बदलायला लावली. काठी कमजोर पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. हात सरळ सोडल्यावर मनगटापर्यंत येईल एवढीच उंच. आपाची होती आमच्या दादांची, चार बोटं जास्त! रात्री दुखऱ्या हाताखाली उशी. संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला पाइप. पाइप गावातल्याच वेल्डरनं बसवला.

शेकण्याबद्दलही बोलायला हवं. गरम विटेनं शेक, कडकडीत पाण्यानं आंघोळ, हे आपलं हुकमी औषध. पण या आजारात अंग तापलं की अशक्तपणा वाढतो, नजरही अंधूक होते. उतरल्यावर पूर्ववत होतं, पण चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या मे महिन्यात ते उतरायचं कधी? शिवाय त्वचा बधिर असेल तर भाजलेलंही कळत नाही.

आणि नमाज. सजद्यातून उठताना सगळा भार खांद्यावर येतो, म्हणून आपा खुर्चीवर पढते. एका शेजारणीनं तोंडावर सुनावलं, "खुर्चीवरची कसली नमाज?" इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. रसूलुल्लाहनी (स.) त्यांना उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही नाही तर कुशीवर पडून पढायला सांगितलं. सवलत देणारे ते, आणि ती काढून घेणारे आपण कोण? इलाज करा असंही त्यांनीच सांगितलंय. सब्र शिकवणाऱ्यांना हे मात्र आठवत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाला तर सवलती मिळतात. दाखला काढायच्या रांगेत आपा काठीवर भार टाकून उभी होती. पुढच्या माणसानं वळून विचारलं, "ताई, तुम्हाला काय झालंय?" तिनं खांद्याकडे बोट दाखवलं. तो हसला.

परवा विचारपूस करायला आलेल्या एका चाचींना मी चहाआधीच सांगितलं, "तिला उठवायचं असेल तर बगलेत हात घालू नका. कमरेला धरा, पुढे झुकू द्या." चाचींना राग आला. पण उठवलं बरोबर.