महाडचा वारसा आणि वारसांचे हक्क

चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे महाडचे नाव इतिहासात कोरले गेले. त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. स्त्रीला आणि शूद्राला हक्क नाकारणाऱ्या समाजव्यवस्थेवरचा तो आघात होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री या नात्याने हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडल्यामुळे १९५१ साली राजीनामा दिला. त्या बिलाचा बराचसा आशय १९५५ आणि १९५६ सालच्या चार कायद्यांतून अमलात आला. विवाह व घटस्फोट, वारसा, अज्ञान मुलांचे पालकत्व, दत्तक व पोटगी हे त्यांचे विषय होत. पण ज्या भूमीतून या विचाराला चालना मिळाली, त्या महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत हे कायदे कितपत पोचले, हा प्रश्न सात दशकांनंतरही विचारावा लागतो.

या भागात तो केवळ तात्त्विक प्रश्न नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा आपत्तीत एका घरातील दोन-तीन पिढ्या एकाच क्षणी नाहीशा होतात. तेव्हा आधी कोण गेले यावर वाटा कोणाकडून कोणाकडे जाणार हे ठरते. हिंदू वारसा कायद्याचे कलम २१ सांगते की, मृत्यूचा क्रम निश्चित करता येत नसेल, तर वयाने लहान असलेली व्यक्ती मोठ्या व्यक्तीनंतर मरण पावली असे धरावे. ज्याचा देहच सापडला नाही, त्याच्याविषयी कायद्याचे सर्वसाधारण गृहीत आणखी कठोर आहे. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यासच मृत्यू मानला जातो. सरकारने आपत्तीपुरता हा काळ शिथिल केला तरच वारसांची सुटका होते.

सर्वांत नाजूक प्रश्न मागे राहिलेल्या मुलांचा. आईबाप गेल्यावर काका किंवा मामा मुलांना सांभाळतात, ही आपल्या समाजाची पुण्याई आहे. परंतु सांभाळणे वेगळे आणि मिळकतीवर अधिकार असणे वेगळे. केवळ नातलग म्हणून सांभाळ करणाऱ्याला हिंदू अज्ञान मुलाची मिळकत विकता येत नाही. इतकेच काय, प्रत्यक्ष आईबापांनाही मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आपल्या पश्चात मुलांचे पालकत्व कोणाकडे असावे, हे आईबाप मृत्युपत्रात नमूद करून ठेवू शकतात. मृत्युपत्र ही धनिकांची चैन आहे, ही समजूत म्हणूनच घातक होय. त्याला नोंदणीची सक्ती नाही. सही आणि ती प्रमाणित करणारे दोन साक्षीदार पुरेत.

कोकणातील जमिनीचे दुखणे जुनेच आहे. तुकडे लहान, हिस्सेदार अनेक, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव! वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत महसूल दप्तरी द्यावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तीन पिढ्या लोटतात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देण्याचे पाऊल महाराष्ट्राने १९९४ साली, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या बरेच आधी, उचलले होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क वडील हयात असण्या-नसण्यावर अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला. तरीही वारसनोंदीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. बँकेत वा शेअर्सवर ज्याचे नाव नामनिर्देशित, तोच मालक, हा समजही तितकाच चुकीचा आहे. तो पैसा स्वीकारणारा विश्वस्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या शेअर्सबाबत २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

नवरा मुंबईत चाकरमानी आणि बायको गावी, हे या भागातील परिचित चित्र. संसार मोडला की पंच बसतात, मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली जाते आणि सारे संपले असे मानतात. ज्या समाजात तशी सिद्ध रूढी नाही, तेथे या कागदाला घटस्फोटाचे मोल नाही. ती स्त्री कायद्याने पत्नीच राहते, नवऱ्याची वारसही राहते. त्याने केलेले दुसरे लग्न निरर्थक ठरते. घटस्फोटाच्या अर्जासाठी तिला मुंबई गाठण्याचेही कारण नाही. २००३ च्या दुरुस्तीनुसार ती जेथे राहते, त्या भागातील न्यायालयात अर्ज करू शकते. मुलांच्या ताब्याविषयी न्यायालय बापाचा किंवा आईचा मान पाहत नाही, मुलाचे हित पाहते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच असावे, असे कायदा म्हणतो. हे कायदे बौद्ध कुटुंबांनाही लागू आहेत. मुस्लिम कुटुंबांचे वारसा व विवाहाचे नियम निराळे आहेत.

जिवंतपणी मृत्यूची भाषा अभद्र आणि भावाबहिणीत कागद आणणे म्हणजे नात्याला तडा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात भावना खरी आहे. परंतु नाती तुटतात ती कागदामुळे नव्हे, कागद नसल्यामुळे. वेळेवर केलेली नोंद भांडणाचे मूळच उपटून टाकते.

मार्गदर्शन महाग असते, हेही पूर्ण खरे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले यांना, तसेच पूर व भूकंपासारख्या आपत्तींत सापडलेल्यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे आणि तालुका समितीची तरतूदही आहे. उणीव आहे ती हे साहाय्य वाडीपर्यंत नेण्याची. दरडग्रस्त गावांचे पुनर्वसन म्हणजे केवळ घरे बांधणे नव्हे. वारसनोंदी, पालकत्व आणि दाखले यांचे काम त्याच वेळी, त्याच गावात झाले पाहिजे. आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्या गावाने घराचे कागदही त्याच निगुतीने पाहावेत. त्या कामी गावातला शिक्षक, कारकून आणि शिकलेला तरुण यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. कायद्याने दिलेला हक्क दप्तरात उतरेपर्यंत महाडच्या लढ्याचे फळ अर्धेच पदरी पडले, असे म्हणावे लागेल.