तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर अकरा वर्षांचा सूर्य?

साकीनाक्याच्या सिग्नलला रात्री साडेआठला उभं राहून पाहिलंय कधी? वर मेट्रो, तिच्याही वर लँडिंगला आलेलं विमान आणि खाली ट्रॅफिकमध्ये अडकलेले आपण. परवा पार्सल घेऊन आलेल्या दादांचा फोन आला, ‘‘ताई, मॅप तर मला खैरानी रोडवर दाखवतोय!’’ दादा उभे होते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी.

खरं सांगायचं तर इथे मॅपवरचा निळा ठिपका भरकटतो तो मुख्यतः इमारती आणि मेट्रोच्या पुलामुळे. पण हे शोधताना मला आणखी एक कारण सापडलं, थेट आपल्या डोक्यावर. साधारण साठ किलोमीटरच्या वर आयनांबर सुरू होतं. तिथे सूर्याचे किरण हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातून येताना रेंगाळतो आणि ठिपका सरकतो.

आपल्या उष्ण कटिबंधात हा थर जास्तच खोडकर आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उसळतात आणि उत्तर-दक्षिणेला पडतात. उत्तरेकडचा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात, मुंबई त्याच्या उतारावर. म्हणूनच विमानांना अचूक दिशा देणाऱ्या इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ यंत्रणेला आपल्या आकाशासाठी वेगळं गणित बसवावं लागलं.

हे गणित कायमचंही नसतं. सूर्य साधारण 11 वर्षांच्या चक्रात तापतो-निवतो आणि त्याबरोबर हा थर दाट-विरळ होतो. मी 22 वर्षांची, म्हणजे आख्ख्या आयुष्यात फक्त दोन चक्रं! शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की खाली गरम होतं, पण तिथे वर हवा थंड होऊन आकसते. हा बदल इतका सावकाश की सूर्याच्या चढउतारात तो लपून जातो. वेगळा काढायचा तर कित्येक दशकांच्या सलग नोंदी हव्यात.

आणि त्या आपल्याकडे आहेत! आयनांबरातल्या विद्युत प्रवाहांमुळे जमिनीवरची चुंबकसूची रोज किंचित हलते. कुलाब्याच्या वेधशाळेत 1840च्या दशकापासून ही हालचाल लिहिली जात होती. 2 सप्टेंबर 1859चं प्रचंड सौरवादळही तिथे नोंदलं गेलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांचा करंट मोजणी बिघडवणार, हे दिसताच 1904मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. मालिका तुटू नये म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालली. त्यानंतर, 1907मध्ये, विजेची ट्राम धावली. अलिबागचं काम आज नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते.

तुम्ही म्हणाल, इथे खड्डे बुजत नाहीत आणि हिला आयनांबराचं पडलंय! पण 1904ची मुंबई प्लेगने हैराण होती, तरी तिने हे केलं. आता शहर रायगडकडे पसरतंय. तिकडे रेल्वे, रस्ते, टॉवर आखताना अलिबागची ही शांतता हिशेबात धरलीच पाहिजे. दुसरं, अशी मोजणी करणाऱ्यांना पक्की नोकरी हवी. तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर अकरा वर्षांचा सूर्य मोजता येत नाही.

फिजिक्सवाल्यांनो, हे काम ग्लॅमरस नाही, मान्य. आज लिहिलेला आकडा उपयोगी पडेल तेव्हा कदाचित आपण रिटायर झालेले असू. पण 1904मध्ये कुणीतरी तेवढ्यासाठीच दोन-दोन ठिकाणी वह्या भरल्या. आपल्या वाट्याची पानं कोरी राहायला नकोत, एवढंच.